ऑक्टाव्हिया आरएसला १९ इंची अलॉय : दुकानदार म्हणतो "बसतंय", तुम्ही काय म्हणता?

मांजराकाठ, लातूर

राम राम मंडळी. पुण्याहून सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस २४५ आणलीय. २०२० साली भारतात फक्त दोनशे आल्या होत्या, त्यातली एक. इंजिन, गिअरबॉक्स खणखणीत. पण आधीच्या मालकाने चारही अलॉय फुटपाथला घासून त्यांची रया घालवलीय, आणि पुढचं डावं आतल्या कडेने वाकलंय. कंपनीचा टायर २२५/४० आर१८ (२२५ मिमी रुंद, भिंतीची उंची त्याच्या ४० टक्के, १८ इंची रिम), रिमच्या मागे ७.५जे (रिमची रुंदी, इंचात) आणि ईटी५१ (ऑफसेट, मिमीत) कोरलंय.

चाकं बदलायचीच आहेत तर जरा नजरेत भरतील अशी घ्यावीत म्हणून संभाजीनगरला जालना रोडवर फिरून आलो. तीन सेट पसंत पडले.

पहिला १९ इंची, ८.५जे, ईटी३५, पीसीडी ५x११२ (पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११२ मिमी), मधलं भोक ७३.१ मिमी. नवीन माल, कुठल्यातरी जर्मन डिझाइनची कॉपी.
दुसराही १९ इंची, दिसायला सगळ्यात भारी, पण पीसीडी ५x११४.३. दुकानदार म्हणतो, "बोल्ट आवळला की ओढून घेतो, काही होत नाही."
तिसरा सेट एका मर्सिडीज सी-क्लासची काढलेली १८ इंची. ओरिजिनल, किंमतही बरी.

तिन्हीबद्दल त्याचं उत्तर एकच, "बसतंय की वो साहेब." ॲडव्हान्स दिलेला नाही. माझं फिरणं औसा, निलंगा, उमरगा पट्ट्यात, अधूनमधून पुणे. काय घ्यावं?

पैठणगेट, संभाजीनगर

अभिनंदन दादा! पहिला सेट उचला आणि मोकळे व्हा. या गाडीला युरोपात स्कोडा स्वतःच १९ इंची देत होती. १८ वर आर्चमध्ये (चाकावरच्या कमानीत) केवढी पोकळी दिसते, आरएस असून टॅक्सी वाटते. ईटी३५ मुळे चाक जरा बाहेर येईल, तीच तर मजा आहे.

डांबरी, बीड

सेडानला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर आधी वाद घालू या का?

मांजराकाठ, लातूर

डांबरी भाऊ, २४५ हॉर्सपॉवर आहे. एकदा बसा शेजारी, मग घालू वाद.

लेथमास्तर, वाळूज

एमआयडीसीत ऑटो पार्टची टर्निंग करण्यात हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. "बसतंय" याचा दुकानातला अर्थ एवढाच की पाच बोल्ट आत गेले. चाक हबवर (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्यावर) नीट बसलंय की नाही हे ठरतं ते मधलं भोक, बोल्टची बैठक, ऑफसेट आणि वजन पेलायची ताकद यांच्यावर.

आधी दुसरा सेट बाद करा. ११२ आणि ११४.३ यांत फरक २.३ मिलिमीटरचा, म्हणजे केंद्रापासून प्रत्येक बोल्ट १.१५ मिमी चुकीच्या जागी. शेजारशेजारच्या दोन बोल्टच्या केंद्रांत ११२ ला ६५.८ मिमी अंतर असतं, ११४.३ ला ६७.२. डोळ्याला कळत नाही, व्हर्निअर लावल्याशिवाय पत्ता लागत नाही, म्हणून तर खपतं. (व्हर्निअरने मोजायचं तर शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर घेऊन १.७ ने गुणा, पाच बोल्टच्या चाकाचा पीसीडी मिळतो.) बोल्ट "ओढून घेतो" म्हणजे काय होतं? तो तिरका होऊन एकाच कडेला टेकतो. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) म्हणते आवळला, पण बैठकीचा अर्धा भाग रिकामाच. रस्त्यावर दणके बसले की ती कड दबते आणि बोल्ट आपोआप सैल. फुकट दिला तरी घेऊ नका.

आता पहिला. पीसीडी बरोबर आहे, खरा प्रश्न ऑफसेटचा. ईटी म्हणजे रिमच्या मधल्या रेघेपासून हबला टेकणारा चेहरा किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते. ईटी जितका कमी, तितकं चाक बाहेर. पण रुंदी बदलली की नुसता ईटी बघून चालत नाही, दोन्ही कडा मोजाव्या लागतात. आकडेमोड सोपी आहे, एक इंच २५.४ मिमी.

तुमचं मूळ चाक ७.५जे, म्हणजे १९०.५ मिमी. निम्मे ९५.२५. त्यात ईटी ५१ मिळवले तर आतली कड हबच्या चेहऱ्यापासून १४६.२५ मिमी आत. ५१ वजा केले तर बाहेरची कड ४४.२५ मिमी बाहेर.

त्याचं चाक ८.५जे, निम्मे १०७.९५. ईटी३५ धरून आतली कड १४२.९५, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरकडे ३ मिमी जास्तच मोकळी. तिकडे काळजी नाही. बाहेरची कड मात्र ७२.९५. मूळच्यापेक्षा जवळजवळ २९ मिमी बाहेर! एका बाजूला एक इंचाहून जास्त. मागे तीन माणसं बसली आणि गाडी स्पीड ब्रेकरवर दबली की टायरचा खांदा फेंडरच्या कडेला लागलाच म्हणून समजा. शिवाय चाकाची मधली रेघ १६ मिमी बाहेर सरकते, तेवढा तरफेचा जोर बेअरिंगवर वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं.

पैठणगेट भाऊ, युरोपात कंपनी १९ देत होती हे खरं. पण ते चाक ७.५जे आणि टायर २२५/३५ आर१९ असायचा. व्यास वाढवला तरी रुंदी तीच ठेवली होती त्यांनी. इथे व्यास, रुंदी आणि ऑफसेट तिन्ही एकदम बदलायला निघालोय.

पैठणगेट, संभाजीनगर

मास्तर, आकडे मान्य. पण फेंडरची कड आतून दाबून घेतात ना लोक? रोलर मशीन असतं.

लेथमास्तर, वाळूज

घेतात. दोनशेतल्या एका गाडीचा कंपनीचा रंग तिथे तडकू द्यायचा असेल तर घ्या.

पोलोवाला, नांदेड

मास्तर, मधेच विचारतो. ऑक्टाव्हियाची अलॉय माझ्या पोलोला चालतील का? इथे एका गॅरेजवर चार पडून आहेत, स्वस्तात देतो म्हणालाय.

लेथमास्तर, वाळूज

कुठली ऑक्टाव्हिया ते आधी विचार. मधलं भोक सगळ्यांचं ५७.१, म्हणून लोक फसतात. पोलोचा पीसीडी ५x१००. आत्ताच्या ऑक्टाव्हियांचा ५x११२, ती चाकं तुला नाही चालणार. पण आपल्या शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ साली सुरू झाला तेव्हाची जी पहिली ऑक्टाव्हिया, तिचा पीसीडी ५x१०० च होता. गॅरेजवाल्याकडे त्या म्हाताऱ्या गाडीची असतील तर नशीब काढलंस. ऑफसेट मागे कोरलेला वाच आणि तुझ्या चाकाशी ताडून बघ, तेवढं केल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

मांजराकाठ, लातूर

मास्तर, धन्यवाद हो, डोळे उघडले. मग मर्सिडीजची घेऊ का? ५x११२ च आहेत, मी वाचलंय.

डांबरी, बीड

संभाजीनगरात मर्सिडीजच्या चाकांना काय तोटा! २०१० साली एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या शहराने, सगळ्या देशात बातमी झाली होती. कुठे ना कुठे निघणारच.

लेथमास्तर, वाळूज

पीसीडी जुळतो, पण दोन गोष्टी बघाव्या लागतात.

एक, मधलं भोक. मर्सिडीजचं ६६.६, तुमचा हब ५७.१. सगळीकडून पावणेपाच मिमीची फट राहते. कंपनीचं चाक हबच्या गोल खांद्यावर बरोबर मध्यभागी बसतं, बोल्टचं काम चाक दाबून धरायचं. फट असली की चाक मध्यभागी आणायचं कामही बोल्टवर येतं आणि चाक केसभर का होईना एका बाजूला बसतं. मग बॅलन्सिंग कितीही करा, ९०-१०० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. आपल्याकडच्या बऱ्याच रस्त्यांवर तेवढा वेग येतच नाही म्हणून कित्येकांना कळतही नाही. समृद्धीवर १२० ची मर्यादा गाठली की कळतं, आणि मग टायरवाल्याला शिव्या बसतात.

यावर उपाय हब रिंग. आत ५७.१, बाहेर ६६.६. पहिल्या सेटला घ्यायची तर बाहेरून ७३.१. प्लास्टिकच्या मिळतात, चालतातही, पण ब्रेकच्या उष्णतेने कडक होऊन तडकतात. वाळूजला कुठल्याही चांगल्या सीएनसी शॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या टर्न करून मिळतील. सांगताना एवढंच सांगा, की अंगठ्याच्या दाबाने सरकून बसली पाहिजे. हातोडी लागली तर ती घट्ट, बोटाने हलली तर ढिली. बसवताना रिंगला पातळसा ग्रीसचा हात फिरवा, नाहीतर पावसाळ्यानंतर लोखंडी हबला अशी धरते की चाक काढताना लाथा घालाव्या लागतात. बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीस लावू नका.

दोन, बोल्टची बैठक, आणि ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तुमच्या बोल्टचं डोकं खालून गोल असतं, बॉल सीट म्हणतात त्याला, त्रिज्या १३ मिमी. मर्सिडीजचीही बैठक गोलच, पण त्रिज्या वेगळी, १२ किंवा १४. दिसायला सारखीच! पण टेकतं ते बारीकशा रेघेवर. आणि बाजारातल्या बहुतेक नवीन अलॉयना ६० अंशांची शंकूसारखी बैठक असते, तिथे तुमचे कंपनीचे बोल्ट चालतच नाहीत, शंकूवाले वेगळे घ्यावे लागतात.

पटत नसेल तर दुकानात करून बघा. बोल्टच्या डोक्याखाली मार्करची शाई लावा, चाकात हाताने फिरवून बसवा, काढून आत बघा. शाईचा पट्टा सगळीकडे रुंद उमटला तर बैठक जुळली. बारीक रेघ उमटली तर चाक परत करा.

उसाची ट्रॉली, अंबाजोगाई

मास्तरांनी हबचं सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो. तुमी लातूर-औसा पट्ट्यात फिरायलाव आन १९ इंचाच्या गोष्टी करायलाव. काळ्या मातीवरचा रस्ता हाय आपला. उन्हाळ्यात जमीन भेगाळती, पावसात फुगती, डांबर वरखाली होतंया. त्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्या. कारखान्याच्या वळणावर रस्त्याची कड अशी खचलेली असती की आख्खं चाक आत जातंया.

हिशेब बघा की. २२५/४० टायरची भिंत ९० मिलिमीटर. २२५/३५ ची ७९. म्हणजे खड्डा आन रिम यांच्यातलं ११ मिलिमीटर रबर कमी. तुमचं कंपनीचं १८ च वाकलंय म्हणता, तर १९ ची कड किती दिस टिकंल?

आन अजून एक. टायरवरचा लोड इंडेक्स वाचा. २२५/४० आर१८ वर बहुतेक ९२ असतंय, म्हंजी एका टायरला ६३० किलो. २२५/३५ आर१९ वर ८८, म्हंजी ५६०. दोन टायर मिळून एका ॲक्सलला १४० किलो कमी. चार माणसं, डिकीत सामान घेऊन तुळजापूरला निघालाव तर ते १४० किलो कुटून आणायचं?

मांजराकाठ, लातूर

ट्रॉली भाऊ, पोटात गोळा आणला राव तुम्ही.

लेथमास्तर, वाळूज

बरोबर बोलले ते. रिमलाही वजनाची मर्यादा असते, मागे किलोत कोरलेली असते. दाराच्या खांबावरच्या पट्टीत ॲक्सलचं जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं, त्याचं निम्मं एका चाकावर. रिमचा आकडा त्याहून जास्त पाहिजे. आकडाच कोरलेला नसेल तर तो रिम शोकेसमध्ये ठेवायचा. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी शिक्केही बघा, पण शिक्क्याचा साचा कुणीही बनवतो. आम्ही साचेच बनवतो, म्हणून सांगतो.

घोडा ५०, जालना

मस्टँग जीटीवाला बोलतोय. माझ्याकडे कंपनीतूनच पुढे ९जे वर २५५/४० आर१९ आणि मागे ९.५जे वर २७५/४० आर१९. पुढचे-मागचे वेगळे म्हणजे टायर पुढून मागे फिरवता येत नाहीत, मागचे आधी संपतात आणि जोडीने घ्यावे लागतात. ज्याची ताकद मागच्या चाकांना जाते त्याला हे परवडो न परवडो, कामाचं आहे. आरएसची ताकद पुढच्या चाकांना जाते. सी-क्लासच्या सेटमध्ये पुढची-मागची वेगळी असू शकतात, तर चारही चाकांच्या मागचा आकडा वाचा. मागच्या बाजूला रुंद चाक लावून पुढे ओढणारी गाडी नुसती जड होईल.

माझा पीसीडी ५x११४.३ आहे. तो दुसरा सेट खरं तर माझ्यासारख्याचा. पण नट, भोक, ऑफसेट बघितल्याशिवाय मीही घेणार नाही.

परभणी पॉलिसी

विम्याचं काम करतो म्हणून दोन ओळी. चाकं बदलली की विमा कंपनीला लेखी कळवा, नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजमध्ये किंमत दाखवून पॉलिसीत नोंद करून घ्या. नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला फोटो चाकाचाच काढतो. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाला धक्का लावणाऱ्या बदलांना मनाई करतं. १८ ला १८, तोच टायर, रुंदी जवळपास तीच, यात कुणी वाकड्यात शिरत नाही. फेंडरबाहेर आलेलं चाक लांबून दिसतं. बिल जपून ठेवा.

पैठणगेट, संभाजीनगर

ठीक आहे, मी एकटा पडलो. पण दादा, दिसण्याचं काहीतरी बघा हो. तीच ती जुनी डिझाइन परत लावणार का?

लेथमास्तर, वाळूज

दिसण्याला माझा विरोध नाही. त्याच घराण्यातलं चाक शोधा ना! ऑडी ए३ आणि स्कोडा सुपर्ब, दोन्ही ५x११२, दोन्ही ५७.१, बोल्ट तोच, बैठक तीच. रिंग नको, नवे बोल्ट नकोत. सुपर्बचं ८जे ईटी४४ मिळालं तर हिशेब करून बघा. निम्मे १०१.६. आतली कड १४५.६, जवळजवळ मूळचीच. बाहेरची ५७.६, म्हणजे १३ मिमी बाहेर. आर्च भरल्यासारखा दिसेल, कडेला लागणार नाही. तुमचाच २२५/४० आर१८ टायर त्यावर चालतो.

सेकंडहँड घेताना टायर चढवायच्या आधी नुसता रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा, कड नाचते का ते. मागून आरे तपासा. आऱ्यावर वेल्डिंगची रेघ किंवा एकाच जागी ताजा रंग दिसला तर हात लावू नका. मग तोच नुसता रिम गाडीला लावून हाताने फिरवा, ब्रेकचा कॅलिपर आणि आरा यांत बोटाची पेर तरी फट हवी. एकदा टायर चढला की दुकानदार माल परत घेत नाही.

मांजराकाठ, लातूर

मंडळी, काल संभाजीनगरला जाऊन आलो. व्हर्निअर घेऊन गेलो होतो, दुकानदार माझ्याकडे असं बघायला लागला की जणू इन्कम टॅक्सवाला आलाय. सी-क्लासचं एक चाक मार्करची शाई लावून तपासलं. बारीक रेघ. मागची दोन पुढच्यापेक्षा रुंद निघाली, घोडा भाऊंनी सांगितलं तसंच.

मग त्यानेच गोडाऊनमधून सुपर्बचा सेट काढला. ८जे, ईटी४४, मागे कोरलेलं आहे. आधी का दाखवला नाही विचारलं तर म्हणे, "तुम्ही नजरेत भरंल असं म्हणालाव, हे साधं हाय." चारही मशीनवर फिरवली. तीन सरळ, एकाची आतली कड किंचित नाचते. तेवढ्यासाठी भाव तोडला. शाईचा पट्टा रुंद आला, चारही बाजूंनी.

आता दोन प्रश्न. नाचणारं चाक कुठे लावू? आणि बोल्ट किती आवळायचे? तो गन लावून ठोकून देतो.

लेथमास्तर, वाळूज

नाच मिलिमीटरच्या आत असेल तर मागे लावा, पुढे लावलं तर स्टिअरिंगला जाणवेल. त्याहून जास्त असेल तर ते चाक बदलून मागा.

बोल्ट आधी हाताने, मग पान्ह्याने चांदणीच्या क्रमाने, शेवटी टॉर्क रेंचने १२० न्यूटन मीटर. गन नको. लातूरला पोहोचल्यावर चाक गार झालं की परत एकदा रेंच फिरवा. आणि अलाइनमेंट नव्या चाकांवर करा, जुन्यावर केलेलं सोडून द्या.

उसाची ट्रॉली, अंबाजोगाई

हवा सकाळी, गाडी उभी असतानाच तपासा. मे महिन्यात दुपारी पंपावर जाऊन हवा काढू नका, गरम टायर चार पॉइंट जास्तच दाखवतंया. सकाळी बघाल तर कमी भरल.

डांबरी, बीड

आणि स्टेपनीचं विचारायचं राहिलं. शंकूवाले बोल्ट घेतले असते तर कंपनीच्या स्टेपनीला ते चालले नसते ना? मांजरसुंब्याच्या घाटात रात्री पंक्चर झालं असतं तर?

लेथमास्तर, वाळूज

बरोबर पकडलंत. बाजारातली अलॉय घेणाऱ्या प्रत्येकाने कंपनीचे पाच बोल्ट डिकीत ठेवायचे असतात, ते याचसाठी. मांजराकाठना गरज नाही, त्यांचे बोल्ट तेच आहेत.

मांजराकाठ, लातूर

उद्या उचलतो. फोटो टाकतो. पैठणगेट भाऊ, तुमच्यासाठी काळा रंग मारून घेणार आहे.

पैठणगेट, संभाजीनगर

आता कसं! ग्लॉस घ्या, मॅट नको, धूळ दिसते.

नवा मेंबर, हिंगोली

नमस्कार. फॉर्च्युनरला २२ इंची बसतील का?

लेथमास्तर, वाळूज

तिचा पीसीडी ६x१३९.७. मालक, वेगळा धागा काढा. आणि येताना रिमच्या मागचा फोटो घेऊन या, पुढचा नको.